येलदरीच्या जलाशयावरील होडी : तरंगते डबे व पाण्याचा उपसा

पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले आणि जिंतूर तालुक्यात विस्तीर्ण जलाशय पसरला. अशा पाण्यावर लहान होडी घेऊन जाळी टाकावयास जाणाऱ्यास केवळ नदीचा अनुभव पुरा पडत नाही. नदीत काठ जवळ असतो. येथे तो दूर राहतो, आणि वाऱ्यास अडसर नसल्याने थोड्याच वेळात लाटा होडीत शिरू लागतात. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली व ६ जण बुडाले.

पाण्याने भरलेली लोखंडी पत्र्याची होडी सरळ तळ गाठते. लाकडी होडी बहुधा तरंगते, परंतु भरल्यावर माणसांचा भार पेलत नाही. दोहोंस उपाय एकच, तो म्हणजे हवाबंद डबे. बुडालेली वस्तू जितके लिटर पाणी बाजूस सारते, तितके किलो पाणी तिला वर उचलते. १५० किलो पत्र्याच्या होडीचे पाण्यातील वजन सुमारे १३० किलो भरते. तिला धरून राहणाऱ्या दोघांसाठी आणखी ४० किलो धरावे. घट्ट बुचाचा २० लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा सुमारे १९ किलो उचलतो. म्हणजे असे १० डबे लागतात. इंजिन असल्यास अधिक.

हे डबे तळाशी बांधू नयेत, कारण तेथे ते वर येऊ पाहतात आणि भरलेली होडी उलटी होते. दोन्ही बाजूंस, काठाच्या आतून व जितके वर बसतील तितके वर, समसमान वाटून ते पट्ट्यांनी जखडावेत. थर्मोकोल स्वस्त खरे, पण त्याचे कण झडतात व पेट्रोल लागताच ते विरघळते.

आता उपशाविषयी. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर पडलेल्या २५ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटास सुमारे ४० लिटर पाणी आत येते. म्हणून प्रथम चिंध्या गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकावी, मग उपसावे. बॅटरीवरील पंप सोयीचा असला तरी खवले, जाळ्याचे धागे व चिखल यांनी तो तुंबतो. त्याच्या तोंडाशी हाताने साफ करता येईल अशी जाळी हवी. बॅटरी उंचावर बांधावी, तारेस फ्यूज लावावा आणि नळीचे बाहेरील तोंड पाण्याच्या पातळीच्या बरेच वर ठेवावे, नाही तर पंप थांबताच तेच पाणी उलट आत येते. शिवाय दोरीने बांधलेली बादली होडीत असावीच. घाबरलेल्या माणसाच्या हातातील बादली पुष्कळ पाणी उपसते.

डबे बांधून झाल्यावर निवांत दिवशी, काठाशी कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरावी. पोहता येणाऱ्या दोघांनी जीवरक्षक जाकिटे घालून तिला लोंबकळावे. जी बाजू अधिक खचेल तिकडे आणखी एक डबा बांधून पुन्हा पाहावे.