पैनगंगेकाठचं हदगाव

आज हदगावहून उमरखेडला निघालं की नागपूर-तुळजापूर महामार्गावर पैनगंगा कधी मागे पडली तेही कळत नाही. 1948 पर्यंत मात्र हा परमुलखाचा प्रवास होता. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि नदी सरहद्द झाली. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. कचेरीत उर्दू, घरात मराठी, बंजारा तांड्यात गोरमाटी. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर होती आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांना नदीपलीकडच्या उमरखेडनंच आसरा दिला.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनं मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं. या नव्या राज्यसीमेचा घाव बंजारा समाजावर बसला. तेलंगणातल्या बंजाऱ्यांना, म्हणजे लंबाड्यांना, 1976 पासून अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाल्या, मराठवाड्यातले त्यांचे भाऊबंद विमुक्त जातींत राहिले. बोली एक, वेश एक, सोयरे एक. मला हा सरळ अन्याय वाटतो. आंध आदिवासींना मात्र दोन्हीकडे जमातीचाच दाखला मिळतो.

पुढे हदगाव तालुक्यातून हिमायतनगर वेगळं निघालं. लोकसभेला हदगाव हिंगोली मतदारसंघात, जिल्हा मात्र नांदेडच.

कागदावर एवढं हलूनही इथल्या माणसांची बैठक मोडली नाही. संक्रांतीनंतर करीला तालुक्यातल्या तामशाच्या बारालिंग देवस्थानात भाजी-भाकरीची पंगत बसते. गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, कुठे ज्वारीची, कुठे बाजरीची. मोसमातल्या सगळ्या भाज्या एकत्र शिजतात. कोणाची भाकरी कोणाच्या ताटात पडली, हे तिथं कोणी विचारत नाही. हदगावचा खरा नकाशा मला या पंगतीत दिसतो.

जुन्या कागदांचं मोल मात्र संपलेलं नाही. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटिअरला पुन्हा महत्त्व आलं आहे आणि मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदींची शोधाशोध चालू आहे. घरातल्या पेटीत आजोबांच्या वेळचा उर्दू कागद, खासरा पाहणीचा उतारा किंवा करोडगिरीची पावती असेल, तर रद्दीत घालू नका. उर्दू वाचणारी म्हातारी माणसं गावात अजून आहेत; ती आहेत तोवर त्यांच्याकडून तो वाचून घ्या आणि मराठीत उतरवून ठेवा.