खाणीत वाळू कशाला?

खाण म्हणजे काय, असे विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, ‘जमीन खणून खनिज काढायची जागा.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच! भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत खणण्याइतकेच भरण्यालाही महत्त्व असते. ते का? चला, मनाने खाली उतरून पाहू.

प्रथम दिव्यांच्या खोलीत जायचे. तेथे शिरस्त्राणावर लावायचा दिवा मिळतो. पाळी संपली की तो परत करायचा. एखादा दिवा परत आला नाही, तर त्याचा धनी अजून खालीच आहे, हे लगेच कळते. मग पोलादी दोराला टांगलेल्या पिंजऱ्यात उभे राहायचे. घंटेची खूण होते आणि पिंजरा अंधारात उतरू लागतो.

या खडकांचा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तेथे मँगनीजयुक्त गाळ साचला. पुढे प्रचंड दाब आणि उष्णता यांनी त्याचे रूप पालटले. सपाट थर मुडपले, कलले. भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ साली या भागातील एका मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. या पट्ट्यात खनिज शोधण्यासाठी १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली होती. १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच आजची नागपूरची ‘मॉईल’, स्थापन झाली.

थर तिरपा खोल गेला, की उघडा खड्डा किती रुंद करणार? म्हणून बोगदे खणून थराचा पाठलाग करावा लागतो. पिंजऱ्यातून उतरून आपण तेथेच आलो आहोत.

सुरुंग उडाल्यानंतर कामगार लगेच खनिजाला हात लावत नाहीत. धूर निघून गेला की आधी लांब पहारीने छत ठोकून पाहतात. खणखणीत नाद आला तर खडक घट्ट आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर आत फट आहे! तो तुकडा दुरूनच पाडायचा. येथे कान चुकला, तर जिवावर बेतते.

थराचा एक काप काढला की पोकळी उरते. बाजूच्या भिंतींवर वरच्या खडकांचा भार असतो, त्यामुळे त्या आत सरकू पाहतात. येथेच वाळूची गरज लागते. वाळू पाण्यात कालवून नळांतून खाली सोडतात. गाळणीसारख्या बांधातून पाणी झिरपून जाते, वाळू घट्ट बसते. ती भिंतींना आधार देते आणि तिच्यावरच उभे राहून कामगार वरचा काप काढतात. झिरपलेले पाणी पंपाने पुन्हा वर!

घरी करून पाहा. प्लॅस्टिकची पातळ बाटली रिकामी असताना दाबा. चेपली ना? आता तीच वाळूने गच्च भरून, बूच लावून दाबा.

धुळीवरही पाण्याचाच उपाय. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर मेंदूला इजा होऊन चालणे, बोलणे बिघडते. म्हणून छिद्रे पाडताना पाणी सोडतात व खाणीत ताजी हवा खेळती ठेवतात.

एवढा खटाटोप कशासाठी? लोखंडातील गंधक तापल्यावर पोलादाला ठिसूळ करते. मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतो. १८८२ साली रॉबर्ट हॅडफील्ड यांनी सुमारे बारा टक्के मँगनीजचे पोलाद बनवले. ते आघातांनी अधिकच कठीण होते. म्हणून रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तेथे ते वापरतात. साध्या टॉर्चच्या सेलमधील काळ्या पुडीतही मँगनीज डायऑक्साइड असतो.

पुढच्या खेपेस आगगाडी सांध्यावरून खडखडत जाईल, तेव्हा आठवण ठेवा. त्या पोलादातला मँगनीज ज्यांनी वर पाठवला, त्यांनी आधी छताचा आवाज ऐकला होता आणि मागची पोकळी वाळूने भरली होती.