वाडीचा कारभार

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये बेळगावात तयार झाला. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता आणि तो मोडायला पुढची दोनेक वर्षं गेली.

पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. माळावर निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

ही कथा नेहमी जिद्दीची म्हणून रंगवली जाते. तिच्यात माणसं हेरण्याचं कसब अधिक आहे. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे. हिशेब मंगेशराव रेग्यांचे. शाळा अर्ध्यात सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक इंजिनीअर ठरले. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली गेली! आजच्या एखाद्या मनुष्यबळ विभागाने हे धाडस केलं असतं का, शंकाच आहे. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही नियमच होता.

चित्रकलेचा ओढा असलेले पुतणे शंकरराव यांना भट्टीपुढे उभं केलं असतं, तर त्यांचं आणि कारखान्याचं, दोघांचंही नुकसान झालं असतं. त्यांनी जाहिरात सांभाळली आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या या मुखपत्रातूनच पुढे मराठीतलं एक मातब्बर मासिक घडलं. 'किर्लोस्कर ब्रदर्स' मर्यादित कंपनी झाली तीही त्याच वर्षी.

वारसदारालाही नुसती गादी मिळाली नाही. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत यंत्रशास्त्र शिकले आणि १९२६ मध्ये वाडीला परतले. नांगराच्या जोडीला पंप आले. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रांचा कारखाना उभा राहिला, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा. बंगळूरला विजेच्या मोटारी बनू लागल्या, त्याही १९४६ मध्येच. १९५६ साली लक्ष्मणराव गेले, तेव्हा धंदा त्यांच्या एकट्याच्या हातांवर अवलंबून राहिलेला नव्हता.

अर्थात घराण्याचं नाव म्हणजे काही विम्याची पॉलिसी नव्हे. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला, पुढच्या पिढीतले वाद कोर्टात गेले. वाडीत मात्र अजूनही पंप तयार होतात.