व्यवहारनिर्णयाचीं साधनें : मावळांतील एका वारशाच्या निमित्तानें

गेल्या चातुर्मासांत तळेगांव दाभाडे येथील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या आजीचा प्रश्न मजपुढें ठेविला. आजीचा एकुलता एक भाऊ इ. स. १९५१ मध्यें अविवाहित वारला. आईबाप व आजी त्याच्या आधींच निवर्तलीं होतीं. त्याची मावळांतील थोडीशी जमीन फेरफारांत चुलतभावांच्या नांवें चढली. सख्ख्या बहिणीस कोणीं विचारिलेंहि नाहीं. आज ती बाई नव्वदीच्या पुढें आहे, आणि ज्या जमिनीस तेव्हां कोणी पुसत नसे तीस कारखान्यांमुळें मोल आलें आहे. 'वारसा कायद्यांत आजीस काय मिळतें ?' असें त्यानें विचारिलें. मीं म्हटलें, ज्या कायद्याचें पुस्तक तूं हातांत घेऊन आलास त्यांत कांहींच मिळत नाहीं. हिंदु वारसा कायदा १७ जून १९५६ रोजीं अमलांत आला, आणि हा वारसा त्याच्या पांच वर्षें आधीं उघडला. मृत्यूच्या दिवशीं जो कायदा असेल तोच लागू. मग त्या दिवशींचा कायदा कोठें पाहावयाचा ? या प्रश्नाच्या उत्तराची वाट कशी काढावी, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

धर्माचीं मूळें म्हणून स्मृतिकार श्रुति, स्मृति व सदाचार यांचा निर्देश करितात हें सर्वश्रुत आहे. परंतु वादाचा निकाल देतांना नारदानें धर्म, व्यवहार, चरित्र व राजशासन असे चार पाद सांगितले असून त्यांत पुढचा पाद मागच्यास बाधक मानिला आहे. एल्फिन्स्टनसाहेबांच्या वेळीं झालेल्या १८२७ च्या चवथ्या रेग्युलेशनाचें २६ वें कलम याच्याशीं ताडून पाहण्यासारखें आहे. प्रथम सरकारचे कायदे. ते नसल्यास देशाची वहिवाट. तीहि नसल्यास प्रतिवादीचा कायदा. आणि कांहींच न मिळाल्यास न्याय, समता व सद्विवेक. राजशासन वर व चरित्र त्याच्या खालीं, हा क्रम दोहोंकडे एकच. एकानें दुसऱ्याचें पाहून घेतलें असें माझें म्हणणें नाहीं. पण आमच्या शास्त्रांत रूढीला स्थान नव्हतें असें जे म्हणतात, त्यांनीं हा क्रम एकदां डोळ्यांखालून घालावा. पुढें १८६८ सालीं रामनाडच्या प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनेंहि स्पष्ट शाबीत झालेली रूढि ग्रंथवचनाहून बलवत्तर ठरविली.

रूढि तरी कोठें सांपडावयाची ? दख्खन प्रांतांतील जातींचे आचार स्टीलसाहेबांनीं सरकारी आज्ञेवरून गोळा करून १८२७ च्या सुमारास छापिले. त्याहून जुनें पाहणें झाल्यास गोतसभांचे महजर व निवाडपत्रें हींच खरीं साधनें. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ चा इंग्रजी ग्रंथ त्यांच्याच आधारें रचिलेला आहे.

ग्रंथांपैकीं आपल्याकडे प्रमाण दोन. एक, याज्ञवल्क्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ही कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत लिहिली गेली. दुसरा, सतराव्या शतकांतील नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख. हें भट्ट घराणें मूळचें पैठणचें, काशीस जाऊन राहिलेलें. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मयूखास अग्रमान, इतर महाराष्ट्रांत मिताक्षरेस. मात्र पुणें, नगर व खानदेश येथें दोहोंची योग्यता सारखी धरितात. मयूखाची मंडलिकांनीं १८८० त व महामहोपाध्याय काण्यांनीं १९२६ त काढलेली आवृत्ति जुन्या ग्रंथालयांत मिळते. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड व वाईच्या धर्मकोशाचें व्यवहारकांड जवळ असल्यास बहुतेक वचनांचा माग लागतो.

पण एका साधनाचा तळेगांवाशीं जो संबंध आहे तो थोडा विस्तारानें सांगितला पाहिजे. श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं पाडला, अशी परंपरा आहे. खंडेराव १७२९ त वारले. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव पडले, आणि ती दक्षिणा पुण्यास पेशव्यांकडे आली. राज्य गेल्यावर त्याच निधींतून १८२१ त विश्रामबागेंत संस्कृत पाठशाळा निघाली व तींत धर्मशास्त्रहि शिकवीत. इंग्रजी अदालतींना त्या काळीं शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीशानें प्रश्न धाडावा, शास्त्र्यानें व्यवस्था लिहून द्यावी. हें पद १८६४ त कायद्यानें रद्द झालें. त्या व्यवस्था दप्तरांत कुजून गेल्या असत्या. परंतु रेमंड वेस्ट व डॉ. ब्यूलर यांनीं मुंबई इलाख्यांतील अदालतींतून त्या जमवून १८६७ व १८६९ त छापिल्या. प्रत्येक ठिकाणीं प्रश्न, उत्तर, गांव, तारीख व शास्त्र्यानें दिलेला ग्रंथाधार असा क्रम आहे. वाचतांना एक सावधगिरी मात्र बाळगावी : शास्त्री विचारलें तेवढ्याचेंच उत्तर देई. प्रश्न अपुरा असला तर उत्तरहि अपुरेंच, आणि तो दोष शास्त्र्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होय.

आतां बहिणीविषयीं. मिताक्षरेंतील वारसांच्या मालिकेंत तिचें नांव नाहीं. नीलकंठानें मात्र तिला पितामहीच्या लगेच मागून बसविलें. त्याची युक्ति पाहण्यासारखी आहे : विवाहानें बहिणीचें गोत्र बदललें तरी ती भावाच्याच गोत्रांत जन्मली, म्हणून 'गोत्रज' हा शब्द तिला लागू पडतो. प्रिव्ही कौन्सिलनें १८६४ त मुंबईकडील एका प्रकरणांत बहिणींचा वारसा मान्य केला. इतर प्रांतांतील मिताक्षरानुयायी बहिणीला वारसांत निश्चित स्थान मिळावयास १९२९ चा कायदा व्हावा लागला. शिवाय आपल्या इलाख्यांत तिला मिळणारी मिळकत हयातीपुरती नसून पूर्ण मालकीची असे. हे निकाल १८७६ पासून सरकारी लॉ रिपोर्टांत, १८९९ पासून बाँबे लॉ रिपोर्टरांत, तसेंच नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरांत पाहावे. सूचींत 'बहीण' एवढेंच न शोधतां 'गोत्रज सपिंड' हें सदरहि पाहावें. नाहीं तर निम्मे निकाल हातचे जातात.

तथापि हें सर्व, मयत विभक्त असेल तरच. चुलतभावांशीं एकत्र असता तर त्याचा हिस्सा त्यांजकडे गेला असता व बहिणीस कांहीं राहतें ना. म्हणून विद्यार्थ्यास मीं ग्रंथ मिटावयास लावून घरची पेटी उघडावयास सांगितलें. तींत शके १८६२ चें मोडी वाटणीपत्र निघालें. बाप व चुलता यांनीं जमीन, बैल व विहिरीच्या पाण्याची पाळी वांटून घेतल्याचें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. मृत्यूची तारीख कोतवाल बुकांत मिळाली. राहतां राहिला मुदतीचा प्रश्न. दुसऱ्याच्या ताब्यांतील स्थावर परत मागण्यास बारा वर्षांची मर्यादा असते आणि येथें सात दशकें लोटलीं आहेत, हें मीं त्याजपासून लपविलें नाहीं. वाटणीपत्राचें बाळबोध लिप्यंतर मीं करून दिलें. तें व कोतवाल बुकाची नक्कल घेऊन तो वडगांवास वकिलांकडे गेला आहे.