कामात महिला वाढल्या, पण पगार किती जणींना मिळतो?

लग्नाच्या जाहिरातीत मुलीसाठी ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द तुम्ही वाचला असेलच. मुलासाठी कधी वाचलाय? या एका शब्दाचा देशातल्या महिलांच्या रोजगाराशी थेट संबंध आहे. कसा, ते समजून घेऊया.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार (पीएलएफएस) २०१७-१८ मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्या दर १०० महिलांपैकी साधारण २३ जणी काम करत होत्या किंवा शोधत होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४२ च्या जवळ पोहोचला. पुरुषांमध्ये तो ७९ च्या आसपास आहे.

वाढ मोठी आहे. पण याच काळात काम करणाऱ्या महिलांमध्ये स्वयंरोजगार असलेल्यांचं प्रमाण ५२ वरून ६७ टक्क्यांवर गेलं. नियमित पगार मिळवणाऱ्यांचं प्रमाण मात्र २१ वरून १६ टक्क्यांवर आलं.

स्वयंरोजगार म्हणजे फक्त स्वतःचा व्यवसाय नाही. घरच्या शेतात किंवा दुकानात एक रुपयाही न घेता राबणारी सूनही यातच मोजली जाते. ती काम करते, पण तिच्या नावावर कमाई नसते.

मग बाहेर नोकरी का नाही?

कारण वेळच उरत नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार महिला बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. ही सरासरीही फक्त घरकाम करणाऱ्यांचीच आहे. मुलांचं आणि आजारी माणसांचं करण्यात जाणारा वेळ वेगळाच. त्यामुळे स्वयंपाक, शाळा, पाणी सांभाळून जमेल तेच काम निवडावं लागतं. असं काम बहुतेक वेळा घराजवळचं आणि कमी पैशांचं असतं.

कायद्याने फरक पडला का?

२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. ईएसआय लागू नसेल तर हा खर्च कंपनीचा. खासगी क्षेत्रातल्या वडिलांसाठी मात्र अशा रजेचा केंद्रीय कायदा नाही. म्हणजे मूल सांभाळणं आईचंच, हे कायद्यानेही गृहीत धरलंय. त्यामुळे ‘बाई घेतली तर खर्च वाढेल’ असा हिशेब काही मालक करतात.

५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. तुमच्या ऑफिसात ती आहे का? नसेल तर एचआरला विचारा. आणि हा प्रश्न बाबांनीही विचारायला हवा.