नाडीवर तीन बोटे

गेल्या हिवाळ्यात आमच्या अम्मी तीन दिवस गप्प गप्प होत्या. ताप नव्हता, दुखणे सांगत नव्हत्या. विचारले की ‘अच्छी हूँ’ एवढेच उत्तर. आम्ही म्हटले, वय झाले, थंडीही आहे. चौथ्या दिवशी आमची भाची जालन्याहून सुटीवर आली. ती एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नानीला सलाम करून तिने गोधडीत हात घातला, मनगटावर तीन बोटे ठेवली आणि बराच वेळ बसून राहिली. आम्हाला वाटले, नाडी बघते आहे. नाडी केव्हाच मोजून झाली होती. ती श्वास मोजत होती. मिनिटाला ३२.

‘मामू, आत्ताच गाडी बोलवा,’ ती म्हणाली.

न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात काढून, अल्हम्दुलिल्लाह, अम्मी घरी आल्या. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. जेवण सुटणे, गोंधळणे, गप्प होणे हीच कधी कधी पहिली खूण असते. ती खूण आमच्या डोळ्यांसमोर होती, पण आम्हाला वाचता आली नाही.

मग आम्ही भाचीला विचारले, तुम्हाला शिकवतात तरी काय? ती म्हणाली, ‘आधी बघायला शिकवतात.’ सुई टोचणे नंतर येते. पेशंट कसा बसला आहे, ओठांचा रंग कसा आहे, वाक्य एका दमात पूर्ण करतो का, पायावर सूज आहे का, हे आधी पाहायचे. मग विचारायचे, मग मोजायचे आणि लगेच वेळेसह लिहून ठेवायचे. न लिहिलेली गोष्ट पुढच्या पाळीच्या सिस्टरला कळत नाही.

मोजण्याचेही नियम आहेत. नाडी अंगठ्याने पाहत नाहीत, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. श्वास मोजतो आहोत हे पेशंटला सांगत नाहीत. सांगितले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून बोटे नाडीवरच ठेवून पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहायचे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २०. लहान मुलांचे गणित वेगळे. खोकला झालेल्या बाळाचा श्वास दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल, तर घरी थांबायचे नाही.

भाषाही समजावी लागते. मंठा-परतूरकडची बाई ‘जीव घाबरा होतो’ म्हणते, आपल्या घरातली खाला ‘जी घबराता’ म्हणते. ते भीतीचे असेल, अशक्तपणाचे असेल किंवा हृदयाचेही असेल. केव्हापासून, घाम येतो का, छातीत दाब वाटतो का, हे विचारणारी सिस्टर जीव वाचवते.

आणि मग सेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, तोंड स्वच्छ ठेवायचे, प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात धुवायचे. अंग पुसताना पडदा ओढायचा आणि आधी परवानगी विचारायची. इज्जत सगळ्यांचीच असते.

आपल्याकडे अजून काही घरांत कुरकुर असते : मुलीने रात्रपाळी करायची? परक्या माणसाला हात लावायचा? त्यांनी रुफैदा अल्-अस्लमिया यांना आठवावे. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) मशिदीतल्या रुफैदांच्याच तंबूत ठेवायला सांगितले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात गेल्या, त्याच्या बाराशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. रात्रपाळीची चिंता खरी आहे. पण तिचे उत्तर सुरक्षित वसतिगृह आणि घरचा पाठिंबा हे आहे. मुलीचे शिक्षण बंद करणे हे नव्हे. आणि आपल्याच आई-बहिणीला दवाखान्यात नेल्यावर आपण पहिल्यांदा लेडी सिस्टरच शोधतो ना?

जालन्यात जिल्हा रुग्णालय आहे, बदनापूर तालुक्यात वरुडीला नूर हॉस्पिटल आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावच्या उपकेंद्रांचा भार एएनएमवरच असतो. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे. फी भरण्याआधी संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे जरूर तपासा. त्या नोंदणीशिवाय नोकरी नाही.

आजाऱ्याची विचारपूस करणे हे आपल्याकडे एकमेकांवरचे हक्काचे देणे मानले आहे. आम्हीही रोज अम्मींच्या खोलीत डोकावत होतो, हालहवाल विचारून परत फिरत होतो. आता पाच मिनिटे जास्त बसतो. घड्याळ समोर ठेवतो, मनगटावर तीन बोटे ठेवतो आणि श्वास मोजतो. अम्मी हसतात, ‘अब तू भी नर्स बन गया!’