हाली की कलदार?

एक सोपा प्रश्न. सात रुपये जास्त की सहा रुपये?

"सात!" असं तुम्ही झटकन म्हणाल. पण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या बिलोलीच्या बाजारात विचारला असता, तर समोरच्यानं आधी उलट विचारलं असतं, "कुठले रुपये? हाली की कलदार?" कारण तेव्हा सात हाली रुपये आणि सहा कलदार रुपये यांची किंमत सारखीच होती!

आपलं बिलोली, देगलूर, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची टांकसाळ वेगळी आणि रुपयाही वेगळा. तो हाली सिक्का. मुंबई, पुणे, सोलापूरकडे इंग्रजांचा रुपया चालायचा. त्याला आपल्याकडे म्हणायचे कलदार. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या अंमलाखाली. तेव्हा बिलोलीचा वारकरी विठ्ठलाच्या भेटीला निघाला, की त्याला गाठीला कलदार बांधावे लागत. हाली द्यायचे, कलदार घ्यायचे. भाव साधारण सातास सहा!

आता खरी गंमत. हा भाव कुठून आला? वही-पेन्सिल घ्या. कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, उरलेला एक भाग दुसरा धातू. म्हणजे चांदी झाली सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि त्यात चांदी शेकडा ८१.८. म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. आता सहा कलदारांतली चांदी काढा : ६४.१ ग्रॅम. सात हालींमधली काढा : ६४ ग्रॅम. आलं ना लक्षात? रुपये मोजायला वेगळे, पण चांदी जवळजवळ तेवढीच!

दोन्ही रुपये इथल्या हातांतून गेले, म्हणूनच मराठवाड्यातल्या मुलांचं मला फार कौतुक आणि थोडा हेवाही वाटतो. जुनी नाणी जमवणारे लोक देशभर आहेत. पण तुमच्याकडे आजी-पणजीच्या पेटीत दोन राज्यांची नाणी शेजारी शेजारी सापडू शकतात. फक्त त्यांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. एक भिंग, एक लोहचुंबक आणि एक वही, एवढं सामान सुरुवातीला पुरे.

पहिला प्रश्न : तू कुणाचं? नाण्यावर चारमिनार दिसला तर नाणं निजामाचं. चारमिनारच्या मधल्या कमानीत भिंग लावून बघा, एक अक्षर दिसेल. ते उर्दूतलं 'ऐन' असेल तर शेवटचे निजाम उस्मान अली खान यांचं नाणं, 'मीम' असेल तर त्यांचे वडील महबूब अली खान यांचं. अक्षर ओळखता येत नाही? वर्गात उर्दू वाचणारी मैत्रीण किंवा मित्र असेलच. सालही त्यांच्याकडूनच वाचून घ्या. समजा ते निघालं १३३७. दचकू नका, नाणं शिवरायांच्याही आधीचं नाही. ते हिजरी साल आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, म्हणून ते आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. १३३७ ला ०.९७ नं गुणा आणि त्यात ६२२ मिळवा. उत्तर आलं १९१९!

नाण्यावर राणीचा किंवा राजाचा चेहरा असेल, तर ते इंग्रजांचं. राणी व्हिक्टोरिया, मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज, असा हा क्रम. पाचव्या जॉर्जच्या रुपयाचा एक किस्सा सांगतो. १९११ साली त्याचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एक छोटासा हत्ती कोरला होता. पण सोंड इतकी आखूड झाली, की लोकांना तो हत्ती वाटेना, डुक्कर वाटू लागला! लोक नाराज झाले. सरकारला छाप बदलावा लागला आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. म्हणून १९११ चा रुपया मिळाला, की संग्राहक आधी भिंग घेऊन तो हत्ती शोधतात.

दुसरा प्रश्न : तू कुठे जन्मलास? पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला खाली कमळाचं फूल आहे. त्याच्याखाली टाचणीच्या टोकाएवढा उंचवट्याचा ठिपका असेल, तर रुपया मुंबईच्या टांकसाळीतला. ठिपका नसेल तर कोलकात्याचा.

तिसरा प्रश्न : तू कशाचा? इथे लोहचुंबक काढा. चांदीचा रुपया चुंबकाला चिकटत नाही. पण ज्यावर वाघ आहे असा १९४७ चा रुपया चुंबकाजवळ न्या. टक्कन चिकटेल! कारण तो निकेलचा आहे आणि लोखंडाप्रमाणे निकेललाही चुंबक ओढतो. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि युद्ध संपल्यावर तर चांदी जाऊन निकेलच आलं. तांब्याचंही तेच झालं. आधीचा तांबड्या धातूचा पैसा सुमारे ४.९ ग्रॅमचा होता. १९४३ मध्ये आला भोकाचा पैसा, जेमतेम २ ग्रॅमचा. मध्ये एवढं मोठं भोक का, तर धातू वाचवायला. युद्ध कुठे दूर चाललेलं आणि त्याची खूण इथल्या मुलांच्या खिशातल्या पैशाला!

आता एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, हातात घ्या. कडा वळणावळणाची आहे, गोल नाही. का? अंधारात किंवा डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही नुसत्या बोटांनी तो ओळखता यावा म्हणून. पाचव्या जॉर्जच्या आण्याची मागची बाजू बघा. तिथे 'एक आणा' ही किंमत नागरी, उर्दू, तेलुगू आणि बंगाली अशा चार लिप्यांत लिहिली आहे. बिलोलीला तेलंगणाची सीमा लागूनच. मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही भाषा बाजारात ऐकू येतात. म्हणजे आण्यावरच्या चारांपैकी तीन लिप्या वाचणारी माणसं तुम्हाला गावातच सापडतील.

सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि तीन पैंचा पैसा. म्हणजे एका रुपयाच्या पै किती? करा हिशोब!

आता काही कळकळीच्या सूचना. नाणं काळं पडलं म्हणून चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर तो काळा थर येतो. तो घासताना छापातल्या बारीक रेषाही झिजतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. नाणं कडेनं धरा. मऊ प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात ठेवा.

जत्रेत कुणी राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं' दाखवलं, तर घेऊ नका. कंपनीनं अशी नाणी कधीच पाडली नाहीत. "जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या, आधी फी भरा," असं फोनवर कुणी म्हणालं, तर लगेच घरच्या मोठ्यांना सांगा. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनंही लोकांना सावध केलं आहे. आणि शेत नांगरताना जमिनीत जुनी नाणी सापडली, तर ती लपवायची नसतात. १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

हा छंद एकट्यानं करण्यापेक्षा चौघांनी केला तर जास्त रंगतो. तुझ्याकडे १९१८ चे दोन पैसे, माझ्याकडे १९२० चे दोन, चल अदलाबदल करू! मोठे संग्राहकही हेच करतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. सहलीचं ठिकाण ठरवताना गुरुजींना जरूर सुचवा.

तोपर्यंत वहीत रकाने आखा : राजा, साल, टांकसाळ, धातू, वजन. आणि शेवटचा रकाना सगळ्यात मोठा ठेवा : 'हे नाणं कुणी, कशासाठी जपलं?' पहिले पाच रकाने भिंगानं, लोहचुंबकानं आणि तराजूनं भरता येतील. सहाव्यासाठी मात्र आजीच्या शेजारी जाऊन बसा. ते उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून ते आधी लिहून घ्या.